गेरार्ड मागे का सरकतो

१० सप्टेंबर
आजपासून लिहून ठेवायचं ठरवलं आहे. हौस म्हणून नाही. उद्या पोलीस आले, लीगची माणसं आली आणि त्यांनी विचारलं, "इरेक, तुला हे कधीपासून ठाऊक होतं?" तर तारखेनिशी पुढे ठेवायला काहीतरी हवं. आपल्या पोलंडात फुटबॉलसाठी पोलीस येतात, हे मी पाहिलेलं आहे. एकोणीस वर्षांचा असताना क्राकूफच्या एका क्लबात मी राखीव गोलकीपर म्हणून बाकावर बसायचो. तिथला कप्तान सकाळी सरावाला आला आणि दुपारी पोलिसांच्या गाडीत बसून गेला. सामने विकायचा. मला आपले जुने हातमोजे देणारा, पाठीवर थाप मारणारा माणूस. तेव्हापासून कुणाच्या चांगुलपणाला मी एकदम भुलत नाही.

तर शनिवारचा सामना. आम्ही, म्हणजे रुडोव, घरच्या मैदानावर दोन-एकने हरलो. दोन्ही गोल डावीकडून आलेल्या क्रॉसवर झाले आणि दोन्ही वेळा गेरार्ड मुशालिक माझ्या अंगावर येऊन उभा होता. सेंटर बॅकने पुढे राहून समोरच्याला अडवायचं. हा मागे सरकत सरकत थेट माझ्या दारात येतो. त्याच्या त्या धिप्पाड पाठीमुळे मला चेंडू दिसलाच नाही.

गेरार्ड आणि मी ज्युनियरपासूनचे. मी क्राकूफला गेलो, तिथून सायप्रसला जाऊन दोन वर्षं उन्हात भाजून आलो, परत रुडोवला आलो. तो कुठेच गेला नाही. क्लब घसरत चौथ्या श्रेणीत गेला तेव्हाही तो इथेच होता. आम्ही दोघांनी मिळून क्लबला परत दुसऱ्या श्रेणीत आणला. म्हणूनच गेले काही आठवडे जे दिसतंय ते लिहायला हात धजत नाही.

पण कुठेतरी पाणी मुरतंय. माझा करार जूनमध्ये संपतो. त्यात एक कलम आहे : पानगळीच्या फेरीत, म्हणजे हंगामाच्या पहिल्या निम्म्यात, दहात नऊ सामन्यांत मी गोलमध्ये उभा राहिलो तर करार आपोआप दोन वर्षांनी वाढतो. मी चौतीस वर्षांचा आहे. हा गेला तर यापुढे मला कुणी करार देणार नाही, आणि गोल राखण्याशिवाय मला दुसरं काही येत नाही. तेव्हा मी खराब खेळावं, बाकावर बसावं, असं कुणाला वाटतंय, एवढंच मला शोधायचं आहे.

१६ सप्टेंबर
मैदानावर उन्हाळ्यात नवे फ्लडलाइट बसवले आहेत. स्वस्तातला माल. प्रत्येक दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी कडी दिसते आणि उंच चेंडू तिच्यात शिरला की गायबच होतो. कोच स्कोरुपाला सांगितलं. त्याने वर पाहिलं, डोळे मिचकावले आणि म्हणाला, मला तर छान दिसतायत. त्याला छानच दिसणार. दिवे अध्यक्षांच्या मेव्हण्याने बसवलेत.

कपडे बदलताना गेरार्डजवळ सहज बोललो तर त्याने पंचनामाच सुरू केला. कडी कसली? रंगीत? दोन्ही डोळ्यांना? कधीपासून? मी म्हटलं, तुला काय करायचंय? तर इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "इरेक, एकदा डोळ्याच्या डॉक्टरला दाखवून ये. पण क्लबच्या नको. कातोवित्सेला जा. कुणाला सांगू नकोस."

म्हणजे डोक्यात काय आहे ते कळलं. मी डॉक्टरकडे गेलो की हाच उद्या गावभर करणार, इरेक म्हातारा झाला, इरेकला दिसत नाही. मी त्याला सांगितलं, दिवे बदला, माझे डोळे ठीक आहेत. त्याने बूट उचलले आणि गेला.

२२ सप्टेंबर
रविवार. बाबा जेवायला आले होते. आल्डोनाने मांसाचे गुंडाळलेले रोलाडे, बटाट्याचे गोळे आणि लाल कोबी केला होता. बाबांना दिसत नाही. पन्नाशीतच दृष्टी गेली. सगळी हयात खाणीत गेली, कोळशाच्या धुळीने डोळे खाल्ले, असं घरात सगळे म्हणतात. भिंतीला हात लावत ते टेबलाशी आले. आल्डोनाने त्यांच्यापुढे ताट फिरवून ठेवलं, मांस कुठे, कोबी कुठे ते सांगितलं.

आल्डोनाचंही हल्ली काहीतरी चाललं आहे. जिन्यातले, स्वयंपाकघरातले सगळे दिवे बदलून मोठे लावले. विचारलं तर म्हणे, मला अंधार आवडत नाही. बारा वर्षांच्या संसारात हिला अंधार आवडत नाही हे मला आज कळलं. गाडीची किल्लीही आपल्याकडेच ठेवते. गॅरेजच्या खांबाला मी गाडी एकदा घासली, तेवढं निमित्त. आता मला सरावाला सोडायला येते आणि न्यायलाही येते. नवऱ्यावर एवढी नजर ठेवणारी बाई काहीतरी लपवत असते.

२८ सप्टेंबर
समुद्राकडच्या संघाशी त्यांच्या मैदानावर खेळलो, एक-शून्यने जिंकलो. तरी डोकं तापलेलं आहे. सबंध सामनाभर गेरार्ड माझ्यावर ओरडत होता. "डावीकडे! उंच आहे! सोड, बाहेर जातोय!" आंधळ्याला रस्ता पार करून द्यावा तसा. प्रेक्षकांतला एकजण ओरडला, "ए गोलकीपर, बाबांनी काय सांगितलं?" सगळे हसले.

सामन्यानंतर स्कोरुपाने गेरार्डला सगळ्यांसमोर झाडला. बचावफळी पुढे ठेव म्हणून मी घसा कोरडा करतो आणि तू एकटा मागे पळतोस, तुझ्यामुळे सगळी रेषा मोडते, तुला माझी भाषा समजत नाही का, असं बरंच काही. गेरार्ड खाली मान घालून ऐकत होता. ज्याच्याकडे खरं कारण असतं तो ते सांगतो. हा एक अक्षर बोलला नाही.

१२ ऑक्टोबर
मी स्वयंपाकघरात गेलो आणि आल्डोनाने फोन ठेवला. पण नाव मी वाचलं. गेरार्ड.

काय म्हणत होता? रोलाड्याची कृती विचारत होता म्हणे. गेरार्डची बायको त्याला सोडून गेल्यापासून तो पावात सॉसेज घालून जगतो आहे, हे सगळ्या रुडोवला ठाऊक आहे. मी चहा केला. लिंबू कापताना बोट कापलं. करार गेला तर निदान घर आहे असं मी समजत होतो.

१ नोव्हेंबर
सर्व संतांचा दिवस. सगळं गाव स्मशानात, हातात मेणबत्त्या आणि शेवंती. आईच्या कबरीवर दिवे लावले. बाबांना बाकावर बसवून मागे वळलो तर आल्डोना नाही. शोधत निघालो. लोकांनी वाटेतच दिवे मांडलेले, दोनदा अडखळलो, एका बाईची मेणबत्ती लाथाडली, तिने मला दारुडा म्हटलं.

गेरार्डच्या आईच्या कबरीपाशी ते दोघं उभे होते. आल्डोना रडत होती. मी एका उंच क्रॉसच्या आड थांबलो. गेरार्ड म्हणाला, "आता तीन सामने राहिलेत. तेवढे निभावू दे. मग त्याला सगळं सांगू." ती म्हणाली, "मला आता लपवणं जमत नाही."

हे मी शब्दन् शब्द लिहितो आहे. बायको आणि मित्र. तीन सामने. मग सांगणार.

घरी येताना तिने विचारलं, एवढा गप्प का? मी म्हटलं, सणच तसा आहे.

९ नोव्हेंबर
हरलो. शून्य-एक. आणि गोल कुणी केला? गेरार्ड मुशालिकने. आमच्याच जाळ्यात.

धुकं होतं. डावीकडून क्रॉस आला. मी घेणारच होतो. म्हणजे घेतला असता. हा मध्ये उडी मारून आला, चेंडू त्याच्या डोक्याला लागून कोपऱ्यात गेला. उठला, माझ्याकडे बघून म्हणाला, "चुकलं रे, माफ कर." स्कोरुपाने बाटली आपटली. मी मात्र शांत होतो. दोन महिने जे नुसतं वाटत होतं ते आज सगळ्यांसमोर घडलं. मागे सरकणं, माझ्यापुढे पाठ उभी करणं, आणि आता आपल्याच जाळ्यात गोल. तो सामने विकतोय. त्या पैशावर माझी बायको घेऊन जाणार आहे.

हे लिहून मी दोनदा वाचलं. वेड्यासारखं वाटतं. पण क्राकूफच्या कप्तानाबद्दलही कुणी आदल्या दिवशी असं म्हटलं असतं तर आम्ही त्याला वेड्यातच काढलं असतं.

१२ नोव्हेंबर
अध्यक्ष कुझेया यांच्याकडे जाऊन आलो. बायकोचं काही बोललो नाही, तेवढी लाज ठेवली. बाकी सगळं सांगितलं. ते ग्लासातला चहा ढवळत ऐकत राहिले. वाटलं होतं चिडतील. चिडले नाहीत. उलट माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पोलीस नको, पेपरवाले नकोत. क्लबची अब्रू आहे. मुशालिकचं मी बघतो. त्याचा करार तसाही फार जुना आणि फार जड झालाय."

बाहेर पडलो तेव्हा हलकं वाटायला हवं होतं. कुझेया एवढे खूश का झाले ते मात्र समजलं नाही.

१५ नोव्हेंबर
गेरार्डला वेगळा काढला आहे. आपल्याकडे नको झालेल्या माणसाला क्लब हाकलत नाही. हाकलला तर भरपाई द्यावी लागते. त्याला मागच्या ओसाड मैदानावर एकट्याला पळायला लावतात, सकाळ-संध्याकाळ, चेंडूशिवाय, कंटाळून तो स्वतःच करार फाडेपर्यंत. कुणी त्याच्याशी बोलत नाही. बोललं तर उद्या आपणही त्याच मैदानावर.

आम्ही बसमध्ये चढत होतो तेव्हा तो चिखलात फेऱ्या मारत होता. छत्तीस वर्षांचा माणूस. मला पाहून त्याने हात हलवला. निर्लज्ज, असं मी मनात म्हटलं. मग दिवसभर तो हात डोळ्यापुढून हलला नाही.

आल्डोनाला कळलं. तिने विचारलं, त्याने काय केलं म्हणून? मी म्हटलं, तू सांग. ती आत जाऊन दार लावून बसली.

२३ नोव्हेंबर
चार-शून्य. डावीकडून तीन. गेरार्डच्या जागी उभा राहिलेला पोरगा कोचने सांगितलं तिथेच उभा राहतो, पुढे, अगदी बरोबर जागी. पाठ नाही, गोंधळ नाही, माझ्यासमोर सगळं मोकळं होतं. तरी चेंडू जाळ्यात पडल्यावरच मला दिसला. एकदा नाही, तीनदा. आणि सामनाभर कुणी ओरडलं नाही.

कलमाचे सामने मात्र आज पूर्ण झाले. दोन वर्षं पक्की. आल्डोनाला सांगितलं तर ती हसलीही नाही. म्हणाली, ठाऊक आहे. हिला कसं ठाऊक?

४ डिसेंबर
खाणकामगारांचा सण. बाबांना धरून बँड ऐकायला नेलं. त्यांना काळी टोपी घालून मिरवायला अजून आवडतं. शेवटच्या सामन्यात स्कोरुपाने मला बाकावर बसवलं होतं, ते बाबांनी रेडिओवर ऐकलं असावं. ते म्हणाले, "तू चालताना डावा खांदा भिंतीला घासतोस. मला ऐकू येतं. माझंही आधी बाजूचंच गेलं होतं."

मी म्हटलं, बाबा, तुमचं खाणीमुळे गेलं. ते म्हणाले, "माझ्या बापाचंही गेलं होतं, आणि तो शिंपी होता."

मी विषय बदलला. पण आज झोप लागेल असं वाटत नाही.

१७ डिसेंबर
क्लबचा नाताळचा मेळावा. पांढरं टेबलक्लॉथ, कार्प मासा, खसखशीचा केक, आणि ओप्वातेक. त्या पातळ पांढऱ्या पापडीचा एक तुकडा प्रत्येकाच्या हातात असतो. ज्याला त्याला भेटायचं, त्याच्या पापडीतला कण मोडून खायचा, आपली पुढे करायची आणि वर्षभराचं शुभ चिंतायचं. कुणालाही नाही म्हणता येत नाही. वैऱ्यालाही नाही. म्हणून वेगळा काढलेला माणूसही या दिवशी बोलावला जातो.

गेरार्ड आला होता, इस्त्रीच्या शर्टात. बारीक झाला आहे. मी दोनदा टेबलाच्या दुसऱ्या बाजूला गेलो. शेवटी तो समोरच उभा राहिला. मी त्याच्या पापडीचा कण मोडला, त्याने माझ्या. मी पुटपुटलो, तब्येत सांभाळ वगैरे. तो म्हणाला, "तुझे डोळे वाचोत, एवढंच मागतो. आता करार वाढलाय, आता डॉक्टरकडे जा. आधी क्लबच्या डॉक्टरकडे गेला असतास तर कागद कुझेयांच्या हाती लागला असता आणि तुला काढला असता. मला जमेल तेवढं मी थोपवलं. तो एक डोक्याला लागून आत गेला, त्याचं वाईट वाटतं."

आणि पुढच्या माणसाकडे गेला.

पापडी तोंडात विरघळून गेली तरी मी तसाच उभा होतो. गाडीत बसल्यावर आल्डोनाला विचारलं. ती सगळी रडत, सगळी एकदम बोलली. सप्टेंबरमध्ये गेरार्डनेच तिला फोन केला होता. मला डावीकडचं दिसत नाही हे त्याला मैदानावर कळलं होतं. इरेकला सांगितलं तर तो चिडून थेट कोचकडे जाईल आणि सगळं संपेल, असं दोघांचं ठरलं. म्हणून तो मागे यायचा. जो चेंडू मला दिसणार नाही तो तो घ्यायचा. न दिसणाऱ्या बाजूचं तो ओरडून सांगायचा.

मी काय केलं ते मी अजून तिला सांगितलेलं नाही.

१९ डिसेंबर
कातोवित्से. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळ्यांतला दाब वाढला आहे, घराण्यातून आलेला दिसतो. डाव्या डोळ्याचं बाजूचं जवळपास गेलंय, उजव्याचं जायला लागलंय. गेलेलं परत येत नाही. उरलेलं औषधाने राखता येईल, पण सप्टेंबरमध्ये आला असतात तर पुष्कळ जास्त उरलं असतं. गोलकीपर आहे म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "आहे नाही, होतात."

परतताना गाडीत आल्डोनाला कुझेयांचं सगळं सांगितलं. तिने गाडी बाजूला घेतली. मग म्हणाली, "उद्या तिथे जायचं." तिने सांगितलं नसतं तरी गेलो असतो, असं मला वाटतं. खात्री नाही.

२० डिसेंबर
कुझेयांना म्हटलं, मुशालिकबद्दल मी बोललो ते खोटं होतं, तो मला दिसत नाही म्हणून मागे यायचा. ते हसले. म्हणाले, इरेक, सणासुदीला माणूस हळवा होतो. मित्राला वाचवायला आता काहीही सांगशील.

त्यांच्या टेबलावर संत्र्यांची परडी होती. मी म्हटलं, एक उचला आणि डावीकडून मला मारा. ते नको म्हणाले. मी त्यांना डाव्या हाताला ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत उभा राहिलो आणि म्हटलं, मारा. आधी एक हळूच टाकलं असावं. ते जमिनीवर पडल्याचं मी ऐकलं. दुसरं कानावर बसलं. मी पापणीसुद्धा हलवली नव्हती. वळून पाहिलं तर कुझेयांचा चेहरा उतरला होता.

"आता पटलं?" मी विचारलं.

ते म्हणाले, पटलं, पण उशीर झाला. मुशालिकने कालच करारावर पाणी सोडून सही केली. तो आता परत येणं नाही. आणि मग खुर्चीत बसून, अगदी मवाळ आवाजात, म्हणाले की जे मी आता पाहिलं ते मी पाहिलं नाही असं मला म्हणता येणार नाही. जानेवारीत क्लबचा डॉक्टर तुला तपासेल.

म्हणजे माझाही करार गेला; दिसत नसताना कलम पुरं केलं, असं ते म्हणणार. जाताना मी एक संत्रं उचलून खिशात घातलं. का ते माहीत नाही.

२१ डिसेंबर
गेरार्डकडे गेलो. आल्डोना समोरच गाडीत थांबली. त्याने दार उघडलं, आत बोलावलं नाही. पायरीवरच उभे राहिलो, तो वर, मी खाली.

काय बोलायचं ते सगळं रस्त्यात जुळवलं होतं, तिथे काही आठवलं नाही. म्हटलं, "तू सामने विकतोस असं मीच कुझेयांना सांगितलं."

"ठाऊक आहे. त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं."

त्या चिखलातून त्याने हात हलवला तेव्हा त्याला ठाऊक होतं. पापडी मोडतानाही ठाऊक होतं. मग मी त्याला संत्र्याची गोष्ट सांगितली, काल खरं काय ते सांगून आलो म्हणून. वाटलं, निदान एवढं तरी त्याच्यापुढे ठेवता येईल.

तो भडकला. मी त्याला इतका भडकलेला कधी पाहिला नव्हता. "तीन महिने मी स्कोरुपाच्या शिव्या खाल्ल्या, चिखलात फिरलो, ते तुझा करार राहावा म्हणून. आणि तू तो संत्र्यांवर उधळून आलास? मी गेलोच होतो रे. निदान तू तरी राहायचास."

मी म्हटलं, तुला चोर ठरवून मला तिथे उभं राहता आलं नसतं. मी खाली बघत थांबलो. त्याने शिवी द्यावी, दार आपटावं, काहीतरी करावं. काहीच आलं नाही. मग मला वाटलं, यापेक्षा स्पष्ट उत्तर ते काय असणार. मी वळलो आणि गाडीत येऊन बसलो.

आल्डोनाने गाडी सुरू केली. कोपऱ्यापर्यंत आलो. मग म्हणाली, "असं का वागलास? त्याचा हात का घेतला नाहीस?"

"कुठला हात?"

तिने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "त्याने हात पुढे केला होता, इरेक. तुझ्या डाव्या बाजूला. तू जाईपर्यंत तसाच धरून उभा होता."

मी म्हटलं, गाडी वळव.